१.६० लाखांचं कूलिंग अपग्रेड की ५८ हजारांची दुरुस्ती?

नाशिकच्या एका वाचकाकडे २००६ ची स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टर्बो पेट्रोल आहे. मुंबईहून परतताना कसारा घाटात एसी चालू असला की तापमानाचा काटा मधली ९० ची खूण सोडून वर सरकतो. एका गॅरेजने १.६० लाखांचं अपग्रेड सुचवलं आहे: अॅल्युमिनियम रेडिएटर ३८ हजार, पुढे बसणारा मोठा इंटरकूलर ४२ हजार, ऑइल कूलर २७ हजार, ७० अंशांचा थर्मोस्टॅट आणि सिलिकॉन होज २३ हजार, पातळ इलेक्ट्रिक पंखा १२ हजार, मजुरी १८ हजार. दुसऱ्या गॅरेजचं कोटेशन ५८ हजारांचं आहे. त्यात मूळ मापाचा रेडिएटर, वॉटर पंप, टाइमिंग बेल्टचा पूर्ण संच, थर्मोस्टॅट, होज, एक्स्पान्शन टाकी, कूलंट आणि मजुरी येते. बेल्ट शेवटचा २०१७ मध्ये बदलला होता. हाती येणारा पगार ९२ हजार, गृहकर्जाचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ३८ हजार आणि एसआयपी ८ हजार. मुदत ठेव २.१० लाखांची. गाडीला बाजारात सव्वादोन लाख मिळतील. ठेव मोडावी की १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ठेव मोडू नका आणि वैयक्तिक कर्जही काढू नका, कारण १.६० लाखांच्या यादीत तुमच्या दुखण्यावरचं औषधच नाही. त्या यादीत वॉटर पंप नाही, टाइमिंग बेल्टही नाही.

या इंजिनात वॉटर पंप टाइमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणाऱ्या पट्ट्यावर. कंपनीच्या जुन्या पंपांचं आतलं चक्र प्लास्टिकचं असे. वर्षांनुवर्षं उष्णता सोसून ते तडकतं किंवा दांड्यावर सैल होतं. बाहेरून पंप ठणठणीत दिसतो, गळत नाही, पण आत पाणी पुरेसं ढकललं जात नाही. घाटात भार वाढला की हे उघडं पडतं. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं वरचं काम निघतं. २०१७ चा बेल्ट किती किलोमीटर चालला हा प्रश्न आता गौण आहे. त्याचं वयच बदलायला पुरेसं आहे. अॅल्युमिनियमचा रेडिएटर लावून जुना बेल्ट तसाच ठेवणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक ठरेल.

बाकीच्या वस्तूंकडे एकेक करून पाहा. इंटरकूलर टर्बोतून येणारी हवा थंड करतो, इंजिनचं पाणी नाही. मूळ इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे बसतो. मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या समोर लावला की रेडिएटरला मिळणारी हवाच अडते, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर हवा आधीच कमी असते. ज्याने इंजिनची ताकद वाढवून घेतली आहे त्याला हा खर्च शोभतो. तुम्ही गाडी कंपनीच्या मूळ ताकदीवर चालवता, त्यामुळे हे ४२ हजार तापमानासाठी गेलेले नसतील.

७० अंशांच्या थर्मोस्टॅटबद्दल गैरसमज फार आहे. थर्मोस्टॅट झडप कधी उघडायची एवढंच ठरवतो, रेडिएटरची क्षमता वाढवत नाही. मूळ थर्मोस्टॅट साधारण ८७ अंशांना उघडायला लागतो. घाटात पाणी शंभरीकडे जातं तेव्हा तो उघडलेलाच असतो, म्हणून लवकर उघडणाऱ्याचा तिथे उपयोग शून्य. उलट रोजच्या शहरातल्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि ऑइलमधला ओलावा उडत नाही. ऑइल कूलरचंही तसंच: कंपनीने ऑइल फिल्टरच्या जागीच पाण्यावर चालणारा कूलर दिलेला आहे. पाणी ठिकाणावर आलं की ऑइलही येतं. बाहेरचा कूलर म्हणजे लांब होज आणि गळायला जास्त सांधे.

अॅल्युमिनियम रेडिएटर वाईट नसतो. पण मूळ पंख्याभोवतीचं आवरण त्यावर नीट बसलं नाही, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची हवा ओढतो आणि गर्दीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. चांगल्या कंपनीचा मूळ मापाचा रेडिएटर तुमच्या वापराला पुरतो.

५८ हजार देण्याआधी दोन-तीन हजारांत तपासणी करून घ्या. गाडीतल्या काट्यावर विसंबू नका. या गाड्यांमध्ये काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात ९० वरच चिकटून राहतो, म्हणजे तो हलतो तेव्हा पाणी बरंच वर गेलेलं असतं. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र, लावून खरं तापमान बघा. मग इंजिन चालू ठेवून एसी लावा. दोन्ही पंखे लगेच हळू वेगात फिरायला हवेत. एकच फिरत असेल तर घाटातल्या त्रासाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखल आणि किडे गच्च बसतात, ती जागा कमी दाबाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूकडून धुवायला सांगा. थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट करा आणि इंजिन हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) बाजूचा प्लास्टिकचा फ्लँज, म्हणजे कूलंटचे होज जोडायचा तुकडा, नीट तपासा, तो कोरडा दिसला तरी गुलाबी पांढुरके डाग गळती सांगतात. कोटेशनमध्ये हा फ्लँज दिसत नाही, तो त्याच पैशांत घालून घ्या. नंतर तो एकटा बदलायला निघालात तर कूलंट पुन्हा काढावं लागेल.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनमधल्या सीलची. एक्स्पान्शन टाकीच्या तोंडावर निळं द्रावण भरलेली नळी धरतात. टाकीतल्या हवेत इंजिनमधला जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. रंग पिवळा झाला तर ५८ हजारांचाही विचार सोडा. हेड उतरवणं, घासून सपाट करणं आणि नवं गॅस्केट हा खर्च सव्वादोन लाखांच्या गाडीवर करणं पैशाच्या दृष्टीने चुकीचं आहे. दोष लपवू नका, खरेदीदाराला सांगून आहे त्या स्थितीत गाडी विका.

आता पैशाचं. हप्ता आणि घरखर्च मिळून ६९ हजार होतात, म्हणजे २.१० लाखांची ठेव जेमतेम तीन महिने पुरेल. त्यातले १.६० लाख काढले तर उरलेले ५० हजार एक महिनाही टिकणार नाहीत. कर्जाचा पर्याय त्याहून वाईट: ३६ महिन्यांसाठी दरमहा सुमारे ५,४७० चा हप्ता आणि व्याजच जवळपास ३६,९०० रुपये. एवढं करून विकताना गिऱ्हाईक रेडिएटर पाहून जास्त पैसे देत नाही. विम्यातही इंजिन तापून झालेलं नुकसान धरलं जात नाही आणि केलेले बदल विमा कंपनीला कळवावे लागतात.

५८ हजारांसाठी असं करा. हप्ता, खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला १५ हजार उरतात. पहिले १५ हजार त्यातून द्या आणि ४३ हजार ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता ती तारण ठेवून उचल, घ्या. बँका त्यावर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त घेतात. साडेआठ टक्के धरले आणि दरमहा १५ हजार फेडले, तर एकूण व्याज सहाशे रुपयांच्या आसपास येतं. ठेव मोडल्याचा दंड नाही, एसआयपीही थांबत नाही. चार महिने थांबून रोख देता आलं असतं, पण २०१७ च्या बेल्टवर चार महिने हायवेला जाऊ नका.

काम सुरू करण्याआधी आरसी पाहा. २००६ ची नोंदणी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली असणार, म्हणजे २०२६ मध्ये पुन्हा पासिंग आहे. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये १० हजार झालं, त्यावर जीएसटी आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. खालचा पत्रा गंजला असेल किंवा पीयूसी निघत नसेल, तर आधी त्याचा अंदाज घ्या. ज्या गाडीचं पासिंग होणार नाही तिच्यात नवा पंप घालण्यात अर्थ नाही. ओव्हरड्राफ्ट फिटला की दरमहा तीन हजारांची वेगळी आवर्ती ठेव फक्त या गाडीसाठी सुरू करा. वीस वर्षांची टर्बो गाडी ठेवायची तर हा तिचा नेहमीचा खर्च आहे. उरलेले १२ हजार आणीबाणीच्या ठेवीत, ती चार लाखांपर्यंत पोहोचेपर्यंत.

गॅरेजला काम देताना काही गोष्टी लिहून घ्या. पंप धातूच्या चक्राचा. बेल्टबरोबर टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर आणि रोलर सगळे नवे. एक्स्पान्शन टाकीचं झाकणही नवं, कारण जुनं झाकण दाब धरत नाही आणि मग पाणी लवकर उकळतं. आधीचं मिश्रण पूर्ण धुऊन काढायचं, कारण हिरवं आणि गुलाबी कूलंट मिसळलं की गाळ होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. भरताना साधारण ३ लिटर जी१२ प्रकारचं कूलंट आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढायची आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघायची. टर्बोकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचे तांब्याचे वॉशर याच वेळी बदला, किंमत किरकोळ आहे. ऑइल मात्र व्हीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचंच आणि दर साडेसात हजार किलोमीटरला, कारण या इंजिनात ऑइलचा गाळ टर्बोला उपाशी ठेवतो.

काढलेला जुना पंप मागून घ्या आणि चक्र हाताने फिरवून पाहा. दांडा धरल्यावर ते सैल फिरलं तर घाटातल्या तापण्याचं कारण तुमच्या हातात आहे. घट्ट असेल, तर पैसे चुकते करण्याआधी एसी लावून एकदा कसारा चढून या आणि स्कॅनरवरचा सर्वात वरचा आकडा टिपून गॅरेजवाल्याला दाखवा.