फँटसी कादंबरीत आधी जग की आधी माणूस?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षं नकाशे, राजवंश, देवदेवता लिहून झाल्या तरी कादंबरी सुरूच होत नाही. तर जगाला किती जागा द्यायची आणि कथानकाला, पात्रांना किती?

आधी माणूस घ्या. त्याला काहीतरी हवं असू द्या आणि ते तुमच्या जगातल्या एखाद्या नियमापाशी अडू द्या. जिथे अडतं तेवढंच जग पानावर आणा.

मी इंदूरचा. इथला सराफा बघा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच दारासमोर कढया चढतात, थंडीत गराडू नावाचा कंद तळतात, वर जिरावण हा मसाला भुरभुरतात. हे असंच सांगत बसलं तर माहितीपत्रक होतं. आता समजा, एक मुलगा आईची बांगडी गहाण ठेवायला निघालाय. पोचतो तेव्हा सराफ शटर ओढतोय, आणि पायरीपाशी गराडूवाला तेल तापवतोय. मुलगा सकाळपासून उपाशी. बाजाराची दोन्ही रूपं दिसली, मुलाची नड कळली, आणि सकाळपर्यंत ती बांगडी सांभाळायची कुठे, इथून कथानकही सुरू झालं.

माझ्या कादंबरीची पहिली चाळीस पानं वंशावळीत गेली होती. आत्याने वाचून एवढंच विचारलं, "ती मुलगी नदी का ओलांडते रे?" नदीचं पात्र किती रुंद, पूर कोणत्या महिन्यात, सगळं वहीत होतं, हे नव्हतं. ती पानं काढताना फार जिवावर आलं. पण पलीकडच्या तुरुंगात तिचा भाऊ आहे आणि पुरात नाव सोडायला बंदी आहे, हे ठरलं आणि तेच पुराचे महिने कामी आले.

इंग्रजी फँटसी लेखक टॉल्किन यांनी भाषा आणि पुराणकथा कित्येक वर्षं रचल्या, हे खरंच. पण १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आलं तेव्हा वाचक त्यातल्या फ्रोडो या नायकासोबत चालला. वंशावळी परिशिष्टात राहिल्या. पुराणकथांचं ‘सिल्मरिलियन’ निघालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये.

जादूची किंमत, म्हणजे ती वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं, ती मात्र आधीच ठरवून ठेवा. ऐन संकटात ती बदलली की वाचकाचा विश्वास उडतो.

वह्या टाकू नका. नकाशातलं असं एक गाव शोधा, जिथून कुणालातरी आज रात्रीच निघायचंय, आणि तो दाराची कडी काढतो तिथून लिहायला घ्या.