आयनिक संयुगाच्या सूत्रात कंस कधी द्यायचा आन् नावात रोमन आकडा कधी लिहायचा?

तुमचा गोंधळ संयुजेत (जोडणीच्या क्षमतेत) नाही, मूलकात (एकगठ्ठा वागणाऱ्या प्रभारित अणुगटात) व्हायलाय. मोसंबीवर बोर्डो (बुरशीचं औषध) मारतेत ना, त्यातलाच चुना न् मोरचूद घ्या. चुना विरघळवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियमवर २ धन प्रभार, हायड्रॉक्साइडवर १ ऋण, म्हणजे एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतेत, आन् ओएच हा अख्खा गटच दोनदा पाहिजे म्हणून कंस: सीए(ओएच)२. कंस खाल्ला तर तो २ नुसत्या हायड्रोजनला चिकटतो, ऑक्सिजन एकच राहतो, मार्क गेले.

मोरचुदात कॉपर २ धन, सल्फेट २ ऋण, हिशोब तिथंच मिटला, सीयूएसओ४, कंसबिंस काही नाही (निळ्या खड्यात पाण्याचे ५ रेणू असतेत, ते वेगळं).

रोमन आकडा फक्त ज्या धातूला एकापेक्षा जास्त संयुजा असतेत त्यालाच. कॉपर १ पण असतो २ पण, म्हणून मोरचुदाच्या नावात कॉपरपुढं कंसात रोमन दोन. लोखंडाचं तसंच, २ नाहीतर ३. सोडियम, कॅल्शियमला गरजच नाही.

आन् नावात डाय-ट्राय (दोन-तीन सांगणारे उपसर्ग) लावत बसू नका, कॅल्शियम डायक्लोराइड कुणी म्हणत नाही. डीएपी खताच्या (डायअमोनियम फॉस्फेट) गोणीवर 'डाय' दिसतं, पण ते बाजारात रुळलेलं नाव हाय.