जेव्ही स्ट्रॅट: खरी की जुळवलेली?

जुनी स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) घ्यायच्या आधी ती खरी आहे की वेगवेगळ्या गिटारींचे भाग जोडून जुळवलेली, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या फोटोत मागच्या प्लेटवर ‘जेव्ही’ आणि पाच आकडे, म्हणजे गिटारचा सिरियल नंबर, स्पष्ट दिसतायत, आणि विकणारा तेवढ्यावरच ‘८२ची फेंडर जपान, सगळं ओरिजिनल’ म्हणून भाव सांगतोय. प्लेट खरी असेलही. पण ती चार स्क्रूंवर बसते आणि पाच मिनिटांत दुसऱ्या गिटारवर जाते. नंबर खरा म्हणजे गिटार खरी, असं नसतं.

फेंडरची जपानी शाखा, फेंडर जपान, सुरू झाली मार्च १९८२ मध्ये. कांदा शोकाई आणि यामानो गक्की या जपानी कंपन्या भागीदार, गिटारी बनायच्या जपानमधल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. जेव्ही नंबर १९८२ ते ८४ चे. आकड्यावरून महिना काढून देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

आधी नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) मागे, ती बॉडीला टेकते तिथला जवळून फोटो मागवा. तिथे ‘ई’ने सुरू होणारा नंबर छापलेला असेल तर नेक १९८४ ते ८७ ची. ‘क्राफ्टेड इन जपान’ असेल तर ९७ च्या आसपासची किंवा त्यानंतरची. दोन्हींत विषय तिथेच संपला.

ते पार झालं तर नेक उतरवून बघायला सांगा. तारा पूर्ण सैल करा, मग चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने काढा. जपानी स्क्रूचं डोकं जेआयएस (जपानी मानक) मापाचं असतं. नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खातो, म्हणून जेआयएस ड्रायव्हर घ्या. नेकच्या बुडाला बऱ्याचदा पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख असते. बॉडीत नेक बसते त्या खाचेतही शोधा. दोन्हींत एक-दोन महिन्यांचा फरक चालतो, दोन वर्षांचा नाही. खाचेत नवा रंग किंवा पातळ लाकडी पट्टी दिसली तर नेक दुसऱ्या बॉडीची असण्याची शक्यता धरा. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली म्हणून मात्र बिचकू नका. या मॉडेलांत ट्रस रॉडचं (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईचं) टोक नेकच्या बुडाशी आहे, त्यामुळे साध्या सेटिंगलाही नेक काढावीच लागते.

आता हेडस्टॉक, म्हणजे नेकचं वरचं टोक, जिथे तारांच्या खुंट्या असतात. सुरुवातीच्या निर्यातीच्या स्क्वायरवर (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडवर) मोठं ‘फेंडर’ आणि टोकाच्या गोलाकार भागावर बारीक ‘स्क्वायर सिरीज’ असायचं. ते बारीक अक्षर खरवडलं की गिटार महागड्या फेंडरसारखी दिसते. टॉर्च अगदी आडवा धरून त्या गोलाकार भागावर उजेड टाका: गेलेल्या अक्षरांची सावली, बारीक ओरखडे किंवा तेवढ्याच जागी वेगळी चकाकी दिसते. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

पिकअपवरून (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागांवरून) निकाल देऊ नका. त्या वेळच्या मॉडेलच्या नावातला आकडा हजार येनमधली किंमत: ११५ म्हणजे १,१५,००० येन. ११५ मध्ये अमेरिकन पिकअप, ६५ मध्ये जपानी. पण सुरुवातीच्या काही निर्यातीच्या स्क्वायरमध्येही अमेरिकन होते. त्यापेक्षा पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उघडून आतल्या वायरींचं सोल्डर बघा. मूळ जोड लहान आणि एकसारखे असतात. मागून केलेले फुगीर, राखाडी, भोवती जळक्या फ्लक्सचे डाग. पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) किंवा स्विच बदललेला असेल तर गिटार खोटी होत नाही, किंमत तेवढी उतरते.

विकणारा नेक काढू देत नसेल तर ‘जुळवलेली गिटार’ या भावाने बोला, त्याच्या वर एक रुपयाही नको.