सूर घसरत नाही, पायऱ्या उतरतो

प्रश्न : दोन ५५५ टायमर आयसी (ठरावीक वेळ मोजणाऱ्या चिप), ५०० किलोओहमचे दोन पोटेंशिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारे ‘पॉट’) आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन मी ब्रेडबोर्डवर ‘अटारी पंक कन्सोल’ हे आवाज काढणारे छोटे सर्किट जोडले. दुसरा पॉट फिरवल्यावर भोंग्यासारखा सलग उतरणारा आवाज येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात आवाज एका सुरावर अडतो आणि मग एकदम खाली उडी मारतो. शिवाय पहिला पॉट टोकाला नेल्यावर पहिला आयसी तापून निकामी झाला. आयसी नकली असतील का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : उड्यांचा दोष आयसीवर येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवर लिहिणारे अमेरिकन लेखक फॉरेस्ट मिम्स यांनी १९८० च्या सुमारास हे सर्किट प्रसिद्ध केले ते या उड्यांसकटच, आणि त्यातली सगळी गंमतही तीच आहे.

पहिला ५५५ ठरावीक अंतराने ठोके देत राहतो. प्रत्येक ठोक्याने दुसरा ५५५ जागा होतो आणि त्याचे आउटपुट १.१ × रोध × धारिता (कपॅसिटरची क्षमता) इतका वेळ ‘हाय’, म्हणजे उंच व्होल्टेजवर, राहते. या वेळात आलेल्या नव्या ठोक्यांकडे तो लक्षच देत नाही. पहिला सेकंदाला १२०० ठोके देतो असे धरा, म्हणजे दोन ठोक्यांत ०.८३ मिलिसेकंदाचे अंतर पडते. दुसऱ्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि त्याचा पॉट १० किलोओहमवर असेल, तर त्याचा स्पंद १.१ मिलिसेकंद टिकतो, एक आड एक ठोका वाया जातो आणि ६०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. पॉट १५ किलोओहमच्या थोडा पुढे नेला की दोन ठोके वाया जाऊन ४०० हर्ट्झ, आणि २३ च्या आसपास ३०० हर्ट्झ. अडीच किंवा साडेतीन ठोके वाया जाऊ शकत नाहीत, म्हणून अधले सूरही निघत नाहीत. मिरजेच्या वाचकाला हे तंबोऱ्याच्या भाषेत सांगणे अधिक सोपे : ४०० हर्ट्झला षड्ज मानले, तर ६०० हा पंचम आणि ३०० हा मंद्र पंचम होतो.

मात्र या सगळ्या पायऱ्या ५०० किलोओहमच्या पॉटच्या पहिल्या जेमतेम पाच टक्के फिरकीत दाटलेल्या असतात. दुसऱ्या पॉटच्या जागी १०० किलोओहमचा पॉट लावल्यास त्या मोकळ्या होतील आणि हाताला सापडतील.

आयसी जळण्याचे कारण वेगळे आहे. पहिला पॉट शून्यावर आला की सातवी पिन थेट बॅटरीच्या धन टोकाला जोडली जाते, आणि त्या पिनमागचा ट्रान्झिस्टर तिला ऋण टोकाकडे ओढू लागताच त्याच्यातून बेसुमार प्रवाह वाहतो. म्हणून पॉटच्या ओळीत १ किलोओहमचा कायमचा रोध घालावा. अनेक आकृत्यांत तो दाखवलेलाच नसतो, ही खरोखर चीड आणणारी गोष्ट आहे.

नवा आयसी बसवताना दोन्ही ५५५ च्या पहिल्या आणि आठव्या पिनमध्ये, शक्य तितक्या जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा. साधा ५५५ आउटपुट बदलताना बॅटरीतून क्षणभर मोठा प्रवाह खेचतो आणि त्या झटक्याने शेजारचा टायमर अवेळी चाळवला जाऊ शकतो. मग पायऱ्यांच्या कडांवर सूर थरथरतो. ती थरथर ऐकायला आवडली, तर कपॅसिटर काढून ठेवायला हरकत नाही.