लोखंडाला मानवलं म्हणून पितळेला मानवेल असं नाही

वाचकांचे प्रश्न : गंजरोधक फिल्म आणि तेल

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्याच्या कारखान्यांतून येणारे प्रश्न बहुतेक ‘काट’ लागण्याचे असतात. गंजाला इथल्या कारागिरांच्या तोंडी हाच गुजराती शब्द आहे. या वेळी मात्र तक्रार वेगळी आहे : गंजापासून वाचवायला जे वापरलं, त्यानंच दुसरा धातू खराब झाला.

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत) : आमच्या जोडणीत ईएन-८ दर्जाच्या पोलादाचा शाफ्ट, त्यावर दाबून बसवलेलं पितळी बुश (कडं) आणि झिंक (जस्ताच्या) प्लेटिंगचे बोल्ट आहेत. व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या फिल्मच्या) पिशवीत बंद करून माल पाठवला. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकानं पिशवी उघडली तेव्हा शाफ्ट स्वच्छ होता, पण बुश हिरवट-काळं पडलं होतं आणि बोल्टवर पांढरी भुकटी होती. फिल्म बनावट होती का?

उत्तर : शाफ्ट स्वच्छ राहिला, यावरून फिल्म काम करत होती हे दिसतं. पण ती फक्त लोखंड-पोलादासाठीची असावी. व्हीसीआय फिल्म म्हणजे पॉलिथिनमध्ये मिसळलेलं, हळूहळू वाफ होणारं रसायन. ती वाफ बंद पिशवीत पसरते आणि धातूवर अतिशय पातळ थर धरते. पोलादासाठीच्या जुन्या मिश्रणांत अमाइनचे क्षार आणि नायट्राइट असतात. नायट्राइटमुळे पोलादावरचा ऑक्साइडचा संरक्षक थर टिकून राहतो.

अमाइन हे अमोनियाच्याच कुळातलं. तांब्याचा तुकडा अमोनियाच्या पाण्यात उघड्यावर ठेवला की पाणी गर्द निळं होतं, कारण अमोनिया तांब्याला धरून विरघळवतो. ओल असेल तर काही अमाइन पितळेवर तसंच काम करतात. तुमच्या बाबतीत याहून काळजीची गोष्ट वेगळी आहे. शाफ्टवर दाबून बसवलेलं बुश सतत ताणाखाली असतं. ताणाखालचं पितळ, ओल आणि अमोनियासारखं रसायन एकत्र आलं की पितळ तडकतं. जस्त जास्त असलेल्या पितळेत हा धोका अधिक. म्हणून काळं पडलेलं बुश नुसतं पॉलिश करून परत वापरू नका. दहापट भिंगाखाली बुशच्या कडा बघा. शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं केसासारखी रेघ दिसली तर ते बुश बाद.

बोल्टवरची भुकटी म्हणजे जस्ताचा पांढरा गंज. त्याची कारणं दोन असू शकतात. भुकटी फक्त आट्यांत आणि वॉशरखाली असेल तर बहुधा तिथे पाणी अडकून राहिलं होतं. प्लेटिंगनंतर बोल्ट नीट वाळले नसतील किंवा पॅसिव्हेशन (जस्तावर चढवलेला रासायनिक संरक्षक थर) कमी पडलं असेल. उघड्या भागावर सगळीकडे सारखी भुकटी असेल तर संशय फिल्मच्या रसायनावर घ्या. नायट्राइट-अमाइनची काही मिश्रणं जस्त, कॅडमियम, शिसं आणि मॅग्नेशियमला बाधतात, हे या धंद्यात जुनं ठाऊक आहे.

पुढची फिल्म घेताना रंगावर जाऊ नका. निळी, पिवळी, हिरवी असा रंग उत्पादक आपापल्या सोयीनं देतो. ‘मल्टिमेटल’ या छापील शब्दावरही थांबू नका. तांत्रिक पत्रक मागवा आणि त्यात तुमचा प्रत्येक धातू नावानिशी आहे का ते पाहा : पोलाद, पितळ, झिंक प्लेटिंग, आणि असेल तर सोल्डरसुद्धा. तांबं-पितळ वाचवायला मिश्रणात सहसा बेन्झोट्रायझोल किंवा टॉलिलट्रायझोल असतं, ते आहे का विचारा. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन एकत्र असलेली फिल्म टाळा. त्या दोहोंपासून नायट्रोसामाइन तयार होऊ शकतात, त्यांतली बरीच कर्करोगकारक आहेत, आणि पॅकिंगवर बसणारी माणसं दिवसभर तीच पिशवी हाताळतात. योग्य फिल्म मिळेपर्यंत बोल्ट वेगळ्या, कोरड्या, साध्या पिशवीत पाठवा.

आता पॅकिंगची पद्धत. आमच्या मते निम्मी बिघाडं इथेच होतात. पावसाळ्यात हवा ३० अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. तपासणीच्या एसी खोलीतून २३ अंशांचा शाफ्ट बाहेर आणला की त्याला घाम फुटतो, तो डोळ्यांना दिसतोच असं नाही, आणि तसाच तो पिशवीत जातो. म्हणून पिशवी एसी खोलीतच बंद करा, किंवा भाग बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. जाड शाफ्टला दोन-तीन तास लागतात. हात उघडे नकोत, घामातलं मीठ बोटांच्या ठशाच्या आकाराचा गंज उठवतं. फिल्मपासून भागाचा कुठलाही पृष्ठभाग साधारण ३० सेंटिमीटरहून लांब नसावा. लांब पोकळ नळी असेल तर आत फिल्मची पट्टी सोडा. तोंड टेपनं किंवा सीलरनं बंद करा, नुसतं दुमडून चालत नाही. मग ट्रकवर चढवण्याआधी एक दिवस पिशवी तशीच ठेवा, म्हणजे वाफेला पसरायला वेळ मिळतो.

प्रश्न (वाघोडिया) : मशिनिंगनंतर भाग आरपी (गंजरोधक) तेलात बुडवतो. तरी तेलाखाली पिवळे पट्टे येतात, आणि एका जोडणीत रबरी सील फुगले. तेल बदलू का?

उत्तर : दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. पट्ट्यांचं मूळ कूलंटमध्ये, म्हणजे मशिनिंग करताना सोडायच्या पाणीमिश्रित द्रवात शोधा. ओल्या भागावर तेल चढलं की कूलंट खाली दबून राहतो आणि तेल त्यावर झाकण घालतं. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर तोच थर गंज धरतो. चांगल्या कूलंटचा पीएच ८.५ ते ९.५ असतो. तो ८.५च्या खाली येऊन वास मारू लागला असेल तर टाकी रिकामी करून धुवा. त्याच्या पीएचमध्ये सोडा टाकून सुधारणा करू नका. अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर उलट काळजी घ्या, जास्त अल्कलीनं ते काळे पडतात. भाग धुवून, हवेनं फुंकून, मग पाणी हटवणाऱ्या प्रकारच्या तेलात बुडवा. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी रोज नळ उघडून काढा.

सीलचं कारण रबर. खनिज तेलावरचं आरपी तेल नायट्राइल रबरला सहसा चालतं, पण ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) आणि नैसर्गिक रबर त्यात फुगतं. ब्रेकचे भाग करत असाल तर विशेष जपा. ग्लायकॉलवर आधारलेल्या ब्रेक तेलासाठी ईपीडीएमचीच सील असतात, तिथे खनिज तेलाचा पुसट हातही नको. पॉलिकार्बोनेटची खिडकी असलेल्या भागावर द्रावकवालं तेल मारू नका, तिला बारीक तडे जातात. तेल पितळेवर येणार असेल तर ते पितळेला चालतं का हेही विचारा. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, तसं स्निग्धाम्लं जास्त असलेलं तेलसुद्धा पितळेवर हिरवा थर आणतं. आणि जाड तेल लावून त्यावर व्हीसीआय फिल्म गुंडाळण्यात फायदा कमी, वाफ तेलाच्या थराखाली पोचायला अडते.

प्रश्न (दांडिया बाजार) : मुलानं कारखान्यातून आणलेल्या निळ्या पिशवीत देवघरातली तांब्या-पितळेची भांडी रबर बँड लावून ठेवली होती. बँड होता तिथे काळे पट्टे पडले. भांडी स्वयंपाकाला चालतील का?

उत्तर : काळे पट्टे रबर बँडचेच. रबर पक्कं करताना गंधक घालतात, ते तांब्याशी मिळून काळं तांब्याचं सल्फाइड होतं. वर्तमानपत्रानंही असेच डाग पडू शकतात. चिंच-मिठानं घासून डाग जातील. भांडी साबणानं धुवून दोनदा गरम पाण्यानं खंगाळा, आणि स्वयंपाकाला वापरायच्या आधी पितळेला कल्हई करून घ्या. खाण्या-पिण्याची भांडी कारखान्याच्या पिशवीत ठेवू नयेत. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवणं पुरेसं आहे.

प्रश्न (मांजलपूर) : लाकडी खोक्यात फिल्मच्या आत सिलिका जेलही टाकावं का?

उत्तर : आत नको, ती पाण्याबरोबर व्हीसीआयची काही वाफही शोषू शकते. ती पिशवी आणि खोक्याच्या मध्ये ठेवा. निर्यातीच्या लाकडाला कीड जाऊ नये म्हणून जो आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असतो, त्यावर ‘एचटी’ असेल तर त्याचा अर्थ लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवला, एवढाच. लाकूड वाळलं असा त्याचा अर्थ नव्हे. ओलं लाकूड पाणी आणि अ‍ॅसिटिक आम्ल दोन्ही सोडतं, म्हणून भाग लाकडाला टेकू देऊ नका.

प्रश्न (मकरपुरा) : विक्रेत्याच्या पत्रकावर भरवसा नाही. आमच्याच धातूंवर फिल्म तपासता येईल का?

उत्तर : येते, प्रयोगशाळा लागत नाही. रुंद तोंडाच्या एक लिटरच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत पोलाद, पितळ आणि प्लेटिंग केलेल्या बोल्टचा एकेक तुकडा नायलॉनच्या दोऱ्यानं वेगवेगळा टांगा. तुकडे एकमेकांना किंवा काचेला लागता कामा नयेत. पोलाद आणि पितळ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून अल्कोहोलनं पुसा. प्लेटिंग घासू नका, नुसतं पुसा. दोन बरण्यांच्या आत फिल्मच्या पट्ट्या सोडा, तुकड्यांना न लावता. तिसरीत साध्या पॉलिथिनच्या. झाकणं घट्ट लावून २० तास ठेवा. मग तळाशी १० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी सोडून परत बंद करा. सात दिवस बरण्या दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवा, म्हणजे रोज आतून दव धरेल.

साध्या पॉलिथिनच्या बरणीतलं पोलाद गंजलं नसेल तर प्रयोग बाद समजा, ओलच पुरेशी झाली नाही. ते गंजलं आणि फिल्मच्या दोन्ही बरण्यांत पोलाद स्वच्छ राहिलं, तरी पितळेचा रंग साध्या बरणीतल्या पितळेशेजारी धरून बघा. फिल्मच्या बरणीतलं पितळ जास्त काळपट किंवा हिरवट दिसलं, तर ती फिल्म तुमच्या जोडणीसाठी घेऊ नका, दोनपैकी एकाच बरणीत तसं झालं तरीसुद्धा.