अल्ट्रालाइट म्हणजे अगदी छोट्या, हलक्या विमानामागून क्रेन पक्ष्यांना नेणारे लोक कोण होते, आणि पक्षी परत कसे येतात?
हे ऑपरेशन मायग्रेशन संस्थेचे लोक होते, पक्षी म्हणजे अमेरिकेतले व्हूपिंग क्रेन. 1941 मध्ये हे जेमतेम वीस-बावीस उरले होते हो! हिवाळ्यात दक्षिणेला जायची वाट पिल्लं शिकतात ती मोठ्यांच्या मागे उडून, पण ही तर माणसांनी वाढवलेली, मग वाट दाखवणार कोण? म्हणून अंड्यात असल्यापासूनच त्यांना इंजिनचा आवाज ऐकवायचे आणि जवळ जाताना पायलटसकट सगळे पांढरा झगा घालून, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली धरून, तोंडातून एक शब्द न काढता, कारण माणसाची सवय लागली की संपलंच. 2001 पासून उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नेसिडाहून दक्षिणेला फ्लोरिडापर्यंत असे थवे नेले, जवळपास 2000 किलोमीटर, वारा उलटा असला की दिवसचे दिवस मुक्काम. परतीचं मात्र काही शिकवावं लागत नाही, एकदा गेले की वसंतात आपले आपण येतात, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. 2007 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या वादळात 18 पैकी 17 पिल्लं गेली, फार वाईट झालं, तरी टीमने काम सोडलं नाही. 2016 मध्ये सरकारी खात्याने विमानं बंद केली, कारण हे पक्षी मोठे होऊन स्वतःची पिल्लं नीट वाढवत नव्हते.