हिवाळ्यात चंबळ नदीवर पाणचिरा कुठे आणि कसा शोधावा?

या पक्ष्यासाठी मी दोन हिवाळे चंबळवर गेलो आहे. पहिल्या खेपेला तो दिसलाच नाही, कारण पाणचिरा पाण्याला चोच लावून उडतो एवढेच डोक्यात धरून मी दोन्ही दिवस पाण्याकडे पाहत राहिलो. प्रत्यक्षात दिवसाचा बराच वेळ हे पक्षी नदीतल्या वाळूच्या बेटांवर दाटीवाटीने बसून असतात, म्हणून शोध वाळूपासूनच सुरू करावा.

राजस्थानातल्या सवाई माधोपूरकडून चंबळवरचा पालीघाट जवळ पडतो. आपल्याकडून जाणाऱ्यांना धोलपूर आणि मुरैना यांच्यामधला राजघाट सोयीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे त्या भागातल्या गाड्या फार उशिरा धावतात, तेव्हा एक दिवस हाताशी राखून ठेवा.

धुके विरले की नाव बेटापासून दूर थांबवायला सांगा आणि पाण्यालगतची वाळूची कड दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश तपासा. चक्रवाक लगेच नजरेत भरतात, पण नदीसुरयांचा थवा दिसला तर तो वरवर पाहून सोडू नका, कारण पाणचिरे पुष्कळदा त्यांच्याजवळच बसलेले असतात. नदीसुरयाची पाठ राखाडी आणि चोच पिवळी असते. पाणचिऱ्याची पाठ काळपट, मान पांढरी आणि चोच जाड, नारिंगी, टोकाला पिवळी असते. खालची चोच वरचीपेक्षा लांब आणि सुरीच्या पात्यासारखी चपटी असल्यामुळे पक्षी समोरून पाहत असेल तर ती जेमतेम एक रेघ दिसते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तो हीच चोच पाण्यात बुडवून सरळ रेषेत उडतो, आणि मासा लागताच मान झटक्यात खाली वळवून चोच मिटतो. दुसऱ्या हिवाळ्यात मावळतीला हे मी वीस-पंचवीस हातांवरून पाहिले. पाण्यावर उमटलेली रेघ पक्षी पुढे गेल्यावरही क्षणभर तशीच होती.

२०२० पासून हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएनची लाल यादी) संकटग्रस्त गणला जातो. वाळूउपसा होतो, किंवा पाणी उतरून बेटे काठाला जोडली जातात, तेव्हा कुत्री आणि गुरे थेट घरट्यांपर्यंत पोचतात. म्हणून छायाचित्रासाठी नावाड्याला बेटाला नाव लावण्याचा आग्रह कृपया करू नका, आणि मार्चनंतर गेलात तर वाळूवर पाऊलही ठेवू नका. अंडी उघड्या वाळूतच असतात आणि वाळूच्याच रंगाची असल्यामुळे पायाखाली आली तरी कळत नाहीत.